इंग्लंडमध्ये पबचा परवाना: कौन्सिलच्या ऑनलाइन अर्जसेवेचे परीक्षण

बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला स्मेथिक आणि वेस्ट ब्रॉमविच या भागांत पंजाबी कुटुंबांनी चालवलेले ‘देसी पब’ आता तिथल्या जीवनाचा भाग झाले आहेत. त्याच वाटेने जाऊ पाहणाऱ्या मराठी माणसाला पहिली गाठ पडते ती स्थानिक कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, परवाना विभागाशी. पब चालवण्यासाठी आम्ही आमच्या भागातील कौन्सिलची ऑनलाइन अर्जसेवा आणि तिच्या जोडीला शुल्क भरून अर्जाआधी अधिकाऱ्याकडून मिळणारा पूर्वसल्ला, असे दोन्ही वापरले. अर्जसेवा सोपी आहे, आणि नेमकी तीच तिची अडचण आहे, असे माझे मत झाले.

महाराष्ट्रात अशा कामासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे जावे लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टने हा अधिकार मॅजिस्ट्रेटांकडून काढून कौन्सिलकडे दिला आणि ही व्यवस्था २४ नोव्हेंबर २००५ पासून लागू झाली. तीत परवाने दोन असतात: जागेचा प्रिमायसेस लायसन्स आणि व्यक्तीचा पर्सनल लायसन्स. दुसऱ्यासाठी एका दिवसाचा अभ्यासक्रम, ४० प्रश्नांची परीक्षा, गुन्हेगारी नोंदीचा दाखला आणि ३७ पौंड एवढे पुरते. पबमधील मद्यविक्रीची जबाबदारी ज्याच्या नावावर असते, त्या डेझिग्नेटेड प्रिमायसेस सुपरवायझरकडे पर्सनल लायसन्स असावाच लागतो. जागेच्या अर्जाचे मूळ शुल्क इमारतीच्या करपात्र मूल्यानुसार १०० ते ६३५ पौंड आहे आणि त्याशिवाय वार्षिक शुल्क वेगळे. ते थकले, तर कौन्सिलला परवाना निलंबित करावा लागतो.

ऑनलाइन अर्जाचा खरा फायदा असा की त्याच्या प्रती पोलीस, अग्निशमन, पर्यावरण आरोग्य, नियोजन, गृहखाते इत्यादी सर्व यंत्रणांकडे कौन्सिलच पाठवते. कागदी अर्जात हे काम अर्जदाराच्या गळ्यात पडते. मात्र इमारतीवर २८ दिवस फिकट निळ्या कागदावर अर्जाची सूचना लावणे आणि १० कामकाजी दिवसांच्या आत स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात देणे ही कामे अर्जदाराचीच राहतात. आम्ही वापरलेल्या संकेतस्थळावर या अटीचा उल्लेख होता, पण तो अर्ज दाखल झाल्यानंतर आलेल्या लांबलचक पत्रात, तळाशी. सूचनेत चूक राहिली, तर २८ दिवसांची मुदत नव्याने मोजावी लागू शकते, आणि लहान पबच्या बाबतीत जाहिरातीचा खर्च अर्जाच्या शुल्कालाही मागे टाकू शकतो.

अर्जातील सर्वांत महत्त्वाचा भाग दिसायला अगदी साधा आहे. गुन्हेगारी व गैरवर्तनाला आळा, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रवाला आळा आणि मुलांचे संरक्षण या कायद्याच्या चार उद्दिष्टांसाठी तुम्ही काय करणार, असे विचारून खाली रिकामे चौकोन दिलेले असतात. नोकरीच्या अर्जात लिहावे तसे इथे भरभरून लिहिण्याचा मोह होतो, विशेषतः आपल्यासारख्या, अधिकाऱ्यांपुढे कागद भक्कम असावा असे मानणाऱ्या लोकांना. परंतु तिथे लिहिलेले प्रत्येक आश्वासन परवान्याची अट बनू शकते. ‘सीसीटीव्ही सतत चालू राहील आणि चित्रण ३१ दिवस जपले जाईल’ असे लिहून दिल्यावर एखादा कॅमेरा बंद पडला, तर तो अटीचा भंग ठरतो, आणि परवान्याबाहेर जाऊन जाणूनबुजून व्यवसाय चालवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अमर्याद दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून जे रोज, मनुष्यबळ कमी असलेल्या मंगळवारीसुद्धा, पाळता येईल तेवढेच लिहावे. हा इशारा त्या चौकोनाशेजारी एका ओळीत देता आला असता. तो नसणे हा या सेवेचा मोठा दोष मी मानतो.

पूर्वसल्ल्याचे पैसे वसूल होतात ते इथेच. अधिकाऱ्याने आमचा मसुदा वाचून तीन-चार वाक्ये काढायला लावली, रात्री अकरानंतर मागील अंगण बंद ठेवण्याची अट आधीच घालण्यास सुचवले आणि परिसर ‘क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट’ धोरणाखाली येत नाही याची खात्री करून दिली. अशा धोरणाच्या भागात आधीच पुष्कळ मद्यालये असल्याने नवा परवाना मिळवणे बरेच अवघड जाते. शेजारी किंवा वरील यंत्रणांकडून हरकत आलीच नाही, तर कौन्सिलला परवाना द्यावाच लागतो. आली आणि तडजोड झाली नाही, तर नगरसेवकांच्या उपसमितीपुढे सुनावणी होते. त्यामुळे शेजाऱ्यांना अर्जापूर्वी भेटणे कोणत्याही वकिलापेक्षा स्वस्त पडते. बांधकाम आणि जागेच्या वापरासाठी लागणारी नियोजन परवानगी मात्र पूर्णपणे वेगळी असते आणि पूर्वसल्ल्यात तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही.

अर्ज भरण्यापूर्वी जागेवर जुना परवाना जिवंत आहे का, हे कौन्सिलच्या सार्वजनिक नोंदवहीत पाहावे. आधीचा परवानाधारक दिवाळखोर झाला असेल किंवा त्याची कंपनी विसर्जित झाली असेल, तर परवाना आपोआप संपतो आणि तो वाचवण्यासाठी हस्तांतराचा अर्ज करायला जेमतेम २८ दिवस मिळतात. बंद पडलेला पब पाहायला गेल्यावर दलाल भाड्याविषयी भरपूर बोलतात, या मुदतीविषयी क्वचितच. इमारत एखाद्या मोठ्या पब कंपनीची असेल, तर परवाना कंपनीच्या नावावर आहे का आणि बिअर तिच्याकडूनच घेण्याचे बंधन आहे का, हेही करारात तपासावे.

पूर्णपणे नवी जागा उघडणाऱ्याने पूर्वसल्ला अवश्य घ्यावा. ज्याच्या जागेचा परवाना जिवंत आहे, ज्याला जुन्या अटी आणि वेळा मान्य आहेत, त्याला तो घेण्याचे कारण नाही: हस्तांतराला २३ पौंड आणि सुपरवायझर बदलण्याला २३ पौंड, एवढ्यात त्याचे काम होते.