बोकाशीची बादली: कचऱ्याचं काम चोख, तोटीचं नाव नको

बोकाशी म्हणजे स्वयंपाकघरातला कचरा जिवाणू मिसळलेला कोंडा घालून हवाबंद बादलीत मुरवायचा आणि मग मातीत मिसळून त्याचं खत करायचं. त्यासाठी उन्हाळ्यात घेतलेल्या जोड-बादल्यांनी कोल्हापूरचा पावसाळा काढला. पद्धतीला पैकीच्या पैकी. तोटीला शून्य.

तोटीचं भोक तळापासून बोटभर वर आहे. त्यामुळे कचऱ्यातून आतल्या जाळीखाली उतरलेलं पाणी कधीच पुरतं निघत नाही. उरलेलं नासतं आणि त्याचा वास वरच्या चांगल्या कचऱ्याला लागतो. भाताची शितं, मिरचीच्या बिया जाळीतून उतरून तोटीत बसतात. वायसर एकच, तोही कडक. म्हणजे पाझर, पाझरावर चिलटं, मागून अळ्या. कंपनीचं उत्तर: सुटी तोटी मिळत नाही, बादली नवी घ्या. एका तोटीपायी?

उपाय स्वस्त आहे. पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला लावतात ती तोटी आणा, आतून-बाहेरून रबरी वायसर घाला. टेफ्लॉन टेपच्या नादी लागू नका. इथं पाणी वायसर अडवतो, आटे नाहीत. जाळीवर नायलॉनच्या मच्छरजाळीचा तुकडा अंथरा. बादलीच्या मागच्या कडेखाली पट्टी सरकवून उतार तोटीकडे करा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी काढा.

बाकी काम सरळ. दिवसभराचं खरकटं डब्यात साठवून बादली एकदाच उघडायची. दीड इंचाचा थर, त्यावर मूठभर कोंडा, मग ताटलीनं दाबून हवा काढायची. शिजलेलं अन्न, मासे, मटण सगळं चालतं. मात्र रस्सा निथळून टाका, तांबडा असो की पांढरा. मिसळीच्या कटाचंही तेच. पातळ पदार्थानं जिवाणूंपेक्षा तोटीचीच परीक्षा होते. नळीचं जाड हाड जसंच्या तसं राहतं, ते वगळाच.

विकतच्या कोंड्याची पाकिटं म्हणजे खिशाला भोक. एक किलो गव्हाच्या कोंड्याला २० मिली ईएम (उपयोगी जिवाणूंचं तयार द्रावण), २० मिली काकवी आणि ३०० ते ४०० मिली पाणी पुरतं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडू द्या. मूठ वळावी, पण पाणी निथळू नये. पिशवीत हवाबंद दोन आठवडे, मग सावलीत वाळवण. भाताचं तूस घेऊ नका, त्यात जिवाणूंना खायला काही नसतं. काकवी गुऱ्हाळावरची, पण हायड्रॉस (गूळ उजळ करायची पावडर) न घातलेली. ते रसायन जिवाणूंनाही रोखतं.

तोटीच्या पाण्याबद्दल मत बदललं. सुरुवातीला तेच मुख्य खत वाटायचं. पण ते आम्लधर्मी असतं, शंभरपट पाणी घालून त्याच दिवशी वापरावं लागतं, आणि कुंडीत वरचेवर दिलं तर क्षार साठतात. आता महिन्यातून एखादवेळी झाडांना, उरलेलं मोरीत.

भरलेली बादली दोन आठवडे उघडायची नाही. आतला माल लोणच्यासारखा मुरतो, आकार तसाच राहतो. ते बिघडलं असं समजू नका. पांढरी बुरशी चांगली. हिरवी-काळी दिसली तर झाकणातून हवा शिरतेय किंवा कोंडा कमी पडलाय. तो माल थेट मुळांशी घालू नका, आम्लानं मुळं करपतात. एक भाग मालाला दोन भाग माती मिसळून क्रेटमध्ये दोन ते चार आठवडे ठेवा, थंडीत जरा जास्त. फ्लॅटवाल्यांनी बादलीआधी मातीची सोय बघावी.

नव्यानं करणाऱ्यानं तोटीच्या भानगडीत पडूच नये. रंगाच्या दोन बादल्या एकात एक बसवा, वरचीच्या तळाला ५ मिमीची भोकं पाडा, झाकण घट्ट हवं. पाणी ओतताना वरची उचलावी लागते आणि भरत आली की ती जड होते. कंबर धरत असेल तर तोटीच परवडली.