हॅमिल्टन 992 घेताना: नंबर जुळत नाही म्हणून सोडू नका

जुनं अमेरिकन खिशातलं घड्याळ पहिल्यांदाच घेत असाल तर हॅमिल्टन 992 बिनधास्त घ्या. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या कारखान्यात 1903 ते 1940 या काळात ते बनत होतं. 16 साइज (अमेरिकन मापातला आकार), 21 ज्वेल (झीज कमी करणारे खडे), पाच स्थितींत जुळवलेलं (कसंही धरलं तरी वेळ नीट राहावी म्हणून), तबकडीवर झाकण नसलेलं आणि लिव्हरने वेळ लावायचं. 1891 मध्ये ओहायोतल्या किप्टनला दोन गाड्यांची टक्कर झाली आणि अमेरिकन रेल्वेने घड्याळांचे नियम कडक केले. त्या नियमांत हे मॉडेल चपखल बसतं. नग भरपूर निघाले, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. पण भाग मिळतात म्हणूनच अदलाबदलही फार झालीय, आणि तपासायचं आहे ते तेच.

मागचं झाकण उघडलं की आपल्याकडचा कारागीर आधी डबीवरचा (म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचावरचा) नंबर आतल्या मशीनच्या नंबराशी ताडून बघतो. नाही जुळला की "डबी बदललीय" म्हणून मोकळा. स्विस घड्याळांत हे नंबर पुष्कळदा जुळतात आणि आपल्या घराघरांतली जुनी घड्याळं बहुतेक स्विसच, म्हणून ही सवय. अमेरिकेत रीत निराळी होती. हॅमिल्टन, वॉल्थम, एल्जिन या कंपन्या मशीन बनवायच्या, डबी कीस्टोन, क्रेसेंट किंवा वॉड्सवर्थ यांच्यासारखा दुसराच कारखाना बनवायचा, आणि गिऱ्हाइकाने दोन्ही पसंत केल्यावर सराफ दुकानात मशीन डबीत बसवून द्यायचा. नंबर जुळायचं कारणच नाही. कारखान्यातच डबीत बसवून विकायची पद्धत हॅमिल्टनने 1920 च्या दशकात धरली. वर्ष काढायचं ते मशीनच्या नंबरावरून. तबकडीवरचं नावही पुरावा नाही, तबकडी पाच मिनिटांत बदलता येते.

मग डबी मूळची की नाही हे कसं कळणार? स्क्रूच्या खुणांवरून. मशीन डबीत दोन स्क्रूंनी धरलेलं असतं. त्यांच्या डोक्याची कड डबीच्या आतल्या काठावर घासून चंद्रकोरीसारखा चकचकीत ओरखडा पाडते. दहापट भिंगातून तो काठ पूर्ण फिरवून बघा. स्क्रूखालीच खूण असेल तर ठीक. स्क्रू नाही तिथे खुणांची आणखी एक जोडी दिसली तर या डबीत आधी दुसरं मशीन राहून गेलंय. लिव्हर बाहेर येण्यासाठी डबीच्या काठाला खाच असते. ती खाच कानशीने ताजी कोरलेली दिसली तरी तोच अर्थ.

डबीच्या आतला शिक्काही बोलका असतो. "वॉरंटेड 20 इयर्स" म्हणजे सोन्याचा पत्रा 20 वर्षं झिजणार नाही अशी हमी. ती भरीव सोन्याची डबी नव्हे, पितळेवर पत्रा चढवलेली. वर्षांची ही हमी छापायला 1924 मध्ये बंदी आली. म्हणजे 1935 चं मशीन अशा शिक्क्याच्या डबीत असेल तर डबी जुन्या घड्याळाची आहे. "सिल्व्हरॉइड" लिहिलं असेल तर चांदीचे पैसे देऊ नका, त्यात चांदी नसते.

पण खरा जीव मशीनमध्ये. प्लेटांवरचे नक्षीचे पट्टे जिथे दोन प्लेटा भिडतात तिथे नीट बघा. पट्टा एका प्लेटवरून दुसरीवर न तुटता गेला पाहिजे, कारण नक्षी प्लेटा एकत्र बसवूनच काढली जाई. सांध्यावर पट्टा एखाद्या केसाइतका जरी सरकला असेल, तर एक प्लेट दुसऱ्या मशीनची. असा संशय आला की प्लेटांच्या खालच्या बाजूला ठोकलेले नंबर मागा. विक्रेता फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर पुढे जाऊ नका. साध्या 992 चं बॅलन्स व्हील (मागेपुढे झुलणारं चाक) दोन धातूंचं, रिम दोन ठिकाणी कापलेली, हेअरस्प्रिंग (त्या चाकाची बारीक स्प्रिंग) निळ्या पोलादाची. पांढरट स्प्रिंग दिसली तर प्लेटवर "एलिनव्हार" (त्या स्प्रिंगच्या मिश्रधातूचं नाव) कोरलेलं हवं. 1940 नंतरचं 992बी हे वेगळं मशीन, त्याच्या नंबरापुढे सी असतो.

तबकडी तांब्यावर भाजलेल्या एनॅमलची असेल तर कडेने बघताना काचेसारखी चमक दिसते. केसासारखे तडे चालतात. 992 वर प्लॅस्टिकची तबकडी असेल तर ती नंतर बसवलेली. काटे तापवून निळे केलेले असतील तर घड्याळ कलतं करताच निळ्याचे काळे होतात. रंगवलेले निळेच राहतात.

आमचं मत: डबी बदललेली असली तरी घ्या, तबकडी बदललेली असेल तर भाव पाडून घ्या, प्लेट परकी असेल तर फक्त सुट्या भागांच्या भावात. रेल्वे इंजिन कोरलेल्या डबीला जास्त पैसे मोजू नका, ते चित्र कुठल्याही स्वस्त, सात ज्वेलच्या घड्याळावर असायचं. आणि "चालू आहे" म्हणजे सर्व्हिस झालीय असं नाही. तेल सुकलेलं मशीनही टिकटिकतं, फक्त पिव्हट (चाकांच्या आसांची टोकं) झिजवत. सफाई, तेल आणि पोलादी मेनस्प्रिंगच्या (घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगच्या) जागी नवी मिश्रधातूची, एवढा खर्च किमतीत धरूनच चाला.

घरी आल्यावर वेळ लावायला किल्ली (चावी द्यायचं बोंड) ओढू नका. पुढची काच धरणारी कडी डावीकडे फिरवून काढा, हात घसरत असेल तर रबरी हातमोजा घाला. तबकडीच्या काठाशी, एक-दोनच्या दरम्यान, लिव्हरचं टोक दिसेल. ते नखाने बाहेर ओढा, किल्ली फिरवून काटे लावा, लिव्हर पूर्ण आत ढकला, मगच कडी बसवा.