ब्रिटनमध्ये दत्तक मांजराचा विमा: कोणता प्रकार कोणत्या मांजराला?

शेल्टरमधून आणलेलं मांजर पहिले काही दिवस पलंगाखालून हलत नाही. विम्याचं मात्र तेव्हाच ठरवावं लागतं. इथे माणसांसाठी एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा आहे, प्राण्यांसाठी तसं काही नाही. व्हेटचं बिल आपल्यालाच भरायचं असतं. आमच्याकडे मनी आली आठ महिन्यांची आणि तिच्यासोबत गुंड्या, सात वर्षांचा बोका. दोघांना एकच पॉलिसी घ्यायची असं मनात होतं, पण कागद वाचत गेलो तसा तो विचार सोडून द्यावा लागला.

बाजारात चार प्रकार मिळतात. ॲक्सिडेंट ओन्ली सगळ्यात स्वस्त, पण त्यात फक्त अपघात येतो, आजार नाही. घराबाहेर न जाणाऱ्या मांजराला त्याचा फारसा उपयोग नाही. उरलेले तीन वरवर सारखेच वाटतात. फरक कळतो तो जुनाट आजारात. समजा मांजराला मधुमेह झाला आणि इन्शुलिन, तपासण्या, व्हेटची फी धरून वर्षाला १२०० पौंड लागू लागले. टाइम लिमिटेड पॉलिसीत ३००० पौंडांची मर्यादा असली तरी १२ महिने झाले की तो आजार बाहेर, उरलेले १८०० तसेच राहतात. मॅक्सिमम बेनिफिटमध्ये कालमर्यादा नाही, पण तेच ३००० पौंड अडीच वर्षांत संपतात आणि त्या आजारासाठी पुन्हा मिळत नाहीत. लाइफटाइममध्ये वर्षाची मर्यादा, समजा ४००० पौंड, दर नूतनीकरणाला पुन्हा पूर्ण होते.

म्हणून माझं मत लाइफटाइमकडे झुकतं. पण नाव लाइफटाइम म्हणजे हप्ता आयुष्यभर तोच, असं समजू नका. मांजराचं वय वाढतं तसा हप्ता चढत जातो, आणि एकदा मधुमेह कागदावर आला की कंपनी बदलायची सोय राहत नाही, कारण नव्या कंपनीच्या लेखी तो आधीपासूनचा आजार. शिवाय बऱ्याच पॉलिसींत मांजर म्हातारं झालं की बिलाचा काही टक्के भाग आपल्यावर येतो. ८०० पौंडांचं बिल, १०० पौंड एक्सेस (म्हणजे क्लेममधली आपण आधी भरायची ठरावीक रक्कम) आणि उरलेल्यावर २० टक्के धरले, तर आपल्या खिशातून २४० जातात. हप्त्यांची तुलना करताना हा आकडाही शेजारी मांडा.

दत्तक मांजराच्या बाबतीत खरी मेख आधीपासूनच्या आजाराची आहे. आजारांचं कव्हर बहुतेक ठिकाणी १४ दिवसांनी सुरू होतं, आणि त्या १४ दिवसांत दिसलेला आजार विम्यातून वगळला जातो. काही शेल्टर सुरुवातीचे चार आठवडे मोफत कव्हर देतात. ते जरूर घ्या. पण त्या काळात आजारपण निघालं तर खंड न पाडता त्याच कंपनीकडे पुढे चालू ठेवा, दुसरीकडे गेलात तर तो आजार कव्हरमधून गेला.

मनीसाठी निर्णय सोपा होता. कोवळ्या वयाच्या मांजरांना एफआयपी हा आजार होऊ शकतो. पूर्वी तो झाला की मांजर वाचतच नसे. ऑगस्ट २०२१ पासून ब्रिटनमध्ये त्यावरचं औषध कायदेशीरपणे मिळतं आणि बरीच मांजरं बरी होतात. उपचार मात्र आठवडेच्या आठवडे चालतात आणि खर्च हजारो पौंडांत जाऊ शकतो. हजार पौंड मर्यादेची पॉलिसी तिथे पुरी पडत नाही. तिला आम्ही मोठ्या मर्यादेची लाइफटाइम घेतली.

गुंड्याच्या कागदांत जुन्या व्हेटची एक ओळ होती: मूत्राशयाचा दाह, एकदा. तेवढ्यावरून लघवीचे सगळे विकार वगळले गेले. घर बदलण्याच्या ताणानेही बोक्यांना हा त्रास उलटतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात तो रात्री पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन पाठ वाकवून बसायला लागला. दर वेळी ट्रेतल्या वाळूवर नाण्याएवढा ओला डाग, नंतर तोही नाही, नुसतं कण्हणं. बोक्याची लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. सकाळची वाट पाहू नका. आम्ही रात्रीच नेला म्हणून तो वाचला. बिल अर्थातच आमच्या खिशातून गेलं.

त्याला आता कमी मर्यादेची लाइफटाइम आहे, बाकीच्या आजारांसाठी, आणि लघवीच्या त्रासासाठी वेगळ्या खात्यात दरमहा ४० पौंड टाकतो. काही कंपन्या दोन वर्षं त्रास किंवा उपचार नसेल तर जुना आजार पुन्हा कव्हरमध्ये घेतात. मोठ्या वयाचं मांजर आणणार असाल तर फोन करून हा प्रश्न सर्वांत आधी विचारा, आणि उत्तर ईमेलवर लेखी मागा.

लसी, पिसवांची औषधं, नसबंदी यांचे पैसे सहसा कुठलीच पॉलिसी देत नाही. उलट लस चुकवली तर त्या रोगाचा क्लेम नाकारला जातो. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून मांजर २० आठवड्यांचं होण्याआधी मायक्रोचिप सक्तीची आहे. शेल्टरने ती बसवलेली असतेच. नोंद तुमच्या नावावर झाली का, तेवढं पाहा. आणि मांजर घरी आणायच्या दिवशीच त्याचा पूर्ण वैद्यकीय इतिहास मागून घ्या, विमा कंपनीने मागायची वाट न बघता.