नशीब की कष्ट: गोव्यातील तरुणांच्या कमाईचा हिशेब

गोव्यातील पंचविशीच्या तरुणाची सांपत्तिक स्थिती कशाने ठरते, हे पाहू गेल्यास नशिबाचे पारडे प्रथमदर्शनी जड वाटते. येथील पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यातून आलेल्या वारसा नियमांप्रमाणे आईवडिलांच्या मालमत्तेतील निम्मा हिस्सा मुलामुलींसाठी राखीव असतो. साहजिकच ज्याच्या घरची जमीन पेडण्यात, २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या मोपा विमानतळाच्या परिसरात आहे, त्याची सुरुवातच वेगळ्या पायरीवरून होते. आजोबांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे गोवा मुक्त होण्यापूर्वी, गोव्यात झाला असेल, तर पोर्तुगीज पारपत्राची वाटही बहुधा खुली असते, आणि हे काही कोणी घाम गाळून मिळवलेले नसते.

कष्टांची बाजू मांडू गेले, तरी मला डिचोली-सत्तरीतील ट्रकमालक आठवतात. खनिज वाहतुकीसाठी कर्ज काढून ट्रक घेतलेल्या या मंडळींनी मेहनतीत कसूर केली नव्हती, तरीही २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले.

तरीही कष्ट आणि शिस्त यांना मी गौण मानणार नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्याने दरमहा ३,००० रुपये गुंतवले आणि वार्षिक १० टक्के परतावा मिळाला, तर दहा वर्षांत भरलेल्या ३ लाख ६० हजारांचे सुमारे ६ लाख १४ हजार होतात. तो परतावा मिळणे हाही काही अंशी नशिबाचाच भाग आहे. दरमहा पैसे बाजूला काढणे मात्र नाही.