युरोपचा 1500 ते 1800 चा इतिहास शिकायचाय : ऑक्सफर्ड-केंब्रिज, लायडन की अमेरिका?

आधी रँकिंग बाजूला ठेवा आणि त्या काळचे कोणत्या भाषेतले कागद वाचणार ते ठरवा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

फक्त इंग्रजी येतंय आणि कामही इंग्लंडवरच करायचंय, तर ऑक्सफर्डचा एमएसटी (मास्टर ऑफ स्टडीज) किंवा केंब्रिजचा एमफिल चांगला, दोन्ही मास्टर्सच. पण कोर्स जेमतेम 9-10 महिन्यांचा, ऑक्टोबरला पोचलात की बघता बघता थिसिस द्यायची वेळ येते. आणि इंग्रजी येतं म्हणून तेव्हाचा कागद वाचता येईल असं अजिबात नाही, सेक्रेटरी हँड या तेव्हाच्या हस्ताक्षराच्या वळणात सी आपल्याला आर वाटतो, एचचं शेपूट ओळीखाली लोंबतं, वर 1752 पर्यंत इंग्लंडचं सरकारी वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणून चार्ल्स पहिल्याचा शिरच्छेद झाला ती 30 जानेवारी 1649 तारीख त्यांच्या कागदात 1648 ची दिसते. मोडी वाचणाऱ्यांना हे लवकर जमेल. अडचण अशी की पुढच्या पीएचडीचे फॉर्म डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे प्रोफेसर नीट ओळखायच्या आतच त्यांच्याकडे रेकमेंडेशन मागायचं.

माझं मत नेदरलँड्समधल्या लायडनच्या 2 वर्षांच्या रिसर्च मास्टर्सला. डच ईस्ट इंडिया कंपनीचं दफ्तर तिथून ट्रेनने पाव तासावर हेगला आहे, आपल्या वेंगुर्ल्याच्या वखारीची पत्रंसुद्धा त्यात आहेत, आणि 17व्या शतकातली डच शिकून ती वाचायला 2 वर्षं खरंच लागतात. युरोपबाहेरच्यांना फी मात्र भरपूर, स्कॉलरशिप थोड्या आणि रूम मिळणं महाकठीण.

घरून पैसे येणार नसतील तर अमेरिकेतली पीएचडी. 5-6 वर्षं किंवा जास्तच, पण चांगल्या ठिकाणी फी माफ, वर स्टायपेंड, बदल्यात शिकवायचं. पहिली 2 वर्षं कोर्सवर्क, मग मोठी परीक्षा, भाषांच्या परीक्षा, त्यानंतर कुठे अर्काइव्ह, म्हणजे जुन्या दफ्तरातलं काम. जागा मुळातच मोजक्या, अलीकडे काही विद्यापीठांनी त्याही कमी केल्यात, म्हणून एकाच ठिकाणी अर्ज करून थांबू नका.

लाखोंचं लोन काढून 9 महिन्यांसाठी जाणार असाल तर माझ्याकडून स्पष्ट नाही, एक वर्ष थांबा. पुण्यात असाल तर फ्रेंचला आलियाँस फ्रान्सेज आहे, जर्मनला मॅक्सम्युलर भवन, एक तरी भाषा बी1 म्हणजे मध्यम पातळीपर्यंत न्या आणि मगच फॉर्म भरा.