नौपाड्यातील इंग्रजी संभाषण वर्ग : वाक्प्रचारांसाठी जरूर जावे

ठाण्यात राम मारुती रस्त्यालगत नोकरदारांसाठी संध्याकाळी भरणाऱ्या एका इंग्रजी संभाषण वर्गाविषयी हा अभिप्राय आहे. व्याकरण इतरत्र शिकवतात तसेच येथेही शिकवतात. वाक्प्रचारांची शिकवणी मात्र मला मनापासून आवडली, कारण बाई नुसता अर्थ सांगून पुढे जात नाहीत, तर तो वाक्प्रचार कोणापुढे शोभतो आणि कोठे खटकतो, हे वाक्ये करवून घेऊन पक्के करतात.

‘वन्स इन अ ब्लू मून’ हेच उदाहरण घ्या. अर्थ ‘अगदी क्वचित’, म्हणजे आपल्या कपिलाषष्ठीच्या योगासारखाच. एकाने ‘आमच्या सोसायटीत गणपती वन्स इन अ ब्लू मून बसतो’ असे वाक्य केले, तेव्हा दरवर्षी ठरलेल्या तिथीला येणाऱ्या गोष्टीला हे शब्द लागू पडत नाहीत, हे बाईंनी समजावले; ‘मी वन्स इन अ ब्लू मून हॉटेलात जेवतो’ हे मात्र योग्य. मित्रांशी गप्पा मारताना हा वाक्प्रचार खुलतो, पण बँकेला लिहायच्या पत्रात साधा ‘रेअरली’ हाच शब्द वापरावा, हे त्यांचे सांगणे मला फारच उपयोगी पडले.

एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या, तर दुसरीला आज ब्लू मून म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्ये तसे झाले होते आणि त्याच वर्षी आपल्याकडे अधिक श्रावणही होता. बारा चांद्रमास सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी कमी भरतात, त्या फरकातूनच या दोन्ही गोष्टी घडतात, हे बाईंनी फळ्यावर मांडून दाखवले. वर्गाला इतके रंगलेले मी क्वचितच पाहिले.

तक्रार छापील टिपणांबद्दल आहे. दोन पौर्णिमांच्या व्याख्येवरून हा वाक्प्रचार आला, असे त्यांत म्हटले आहे, ते चूक आहे. ‘क्वचित’ हा अर्थ एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहे. दोन पौर्णिमांची व्याख्या ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकातील १९४६ च्या एका लेखामुळे पसरली, आणि तीही अमेरिकेतील एका शेतकी पंचांगाचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे. त्या पंचांगात, एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर तिसरीला ते नाव होते. बाई हे तोंडी सांगतात, पण गैरहजर राहणाऱ्याच्या हाती चुकीचाच कागद पडतो. नव्या तुकडीपूर्वी संचालकांनी तो पुन्हा छापून घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.