कुंडीतली आयरिस, फोंड्याच्या पावसात: अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, एका ऑनलाइन नर्सरीतून निळ्या फुलांच्या जर्मन आयरिसचे तीन गड्डे मागवले. आईने पार्सल उघडून विचारलं, "इतकं सुकलेलं आलं कुठून आणलंस गो?" मीही ते आल्यासारखंच चार बोटं खोल पुरलं. तिथेच चुकलं. या गड्ड्याची पाठ ऊन खायला उघडी लागते, मातीत फक्त मुळं. महिन्याने उकरून वर घेतले. पानं आली, पंख्यासारखी, देखणी. फूल काही नाही. शिगमो झाला, मे उजाडला. या जातीला फुलायला काही आठवडे चांगली थंडी हवी. आमच्याकडे जानेवारीच्या पहाटेलाही पातळ चादर पुरते. जाहिरातीत मात्र 'भारतभर चालेल' होतं. नर्सरीला विचारलं तर उत्तर आलं, खत घाला.

मग जून. पडवीला माडाच्या चुडताची झापं बांधली, तरी आडवा पाऊस आत यायचाच. एका सकाळी पिवळं पान ओढलं तर अख्खा पंखा हातात. गड्डा दाबला, बोट आत गेलं. वास सडक्या बटाट्याचा. कापून राख लावली, उपयोग झाला नाही. गोव्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बहुतेक चार महिन्यांतच. कोरडा उन्हाळा मागणारं झाड त्यात कुठे टिकणार!

खरं सुख दिलं ते शेजारच्या मावशींनी फुकट दिलेल्या वॉकिंग आयरिसने. ही निओमारिका, आयरिसच्याच कुळातली, मूळची ब्राझीलकडची. 10 इंची मातीची कुंडी, लाल माती, शेणखत, थोडा नारळाच्या सोडणाचा भुगा, तळाला चिऱ्याचे तुकडे. ऊन फक्त सकाळचं. मार्चमध्ये पानासारख्याच चपट्या दांड्यावर पहिलं फूल: बाहेर तीन पांढऱ्या पाकळ्या, बुडाशी तपकिरी पट्टे, मधल्या निळ्या पाकळ्या वळलेल्या. दिवेलागणीला मिटलं की संपलं. पुढे त्याच जागी पिल्लू धरतं, त्याच्या भाराने दांडा वाकून मातीला टेकतो आणि मूळ धरतो. मी बाजूला रिकाम्या कुंड्या सरकवत गेले. एकीच्या तीन झाल्या. खोट एवढीच की सगळ्या कळ्या एकाच दिवशी फुलतात, मग कितीतरी दिवस काही नाही. प्लास्टिकच्या कुंडीतली पावसात पिवळी पडली होती, भोकं वाढवल्यावर सावरली. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून केशरी, लाल ठिपक्यांच्या फुलांचीही एक आणली. 2005 पर्यंत तिला बेलमकँडा म्हणत, आता शास्त्रज्ञ तिलाही आयरिसच म्हणतात. भर उन्हातली, पण पाणी तुंबू द्यायचं नाही. चतुर्थीच्या आसपास फुलली. मिटलेलं फूल समईच्या वातीसारखं पिळलेलं असतं, हे बघायला मी दोनदा ऑफिसला उशिरा पोचले. आता बोंडं उकललीत, आत काळ्याभोर बिया. अर्ध्या मावशींना दिल्या.